घरातील ध्वनी : दोष कोठे शोधावा?



'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. पाण्याची पखाल वाहणारा रेडा आजारी पडावा आणि औषधोपचार मात्र पखालीवर व्हावा, असा तिचा अर्थ. पखाली गेल्या, त्या वाहणारे रेडेही गेले. म्हण मात्र कालबाह्य झाली नाही. घरोघरी संगणक, टीव्ही आणि पाचसहा स्पीकर यांची जोडणी होऊ लागल्यापासून तर तिला नवेच काम मिळाले आहे.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढे आणावे. घर बडोद्यातील, मराठी, तीन पिढ्यांचे. दिवाणखान्यात भिंतीवर टीव्ही आहे. त्याच्याखाली निरनिराळ्या स्पीकरांना ध्वनी वाटून देणारे यंत्र आहे. दुकानदार त्यास रिसीव्हर म्हणतात. समोर तीन स्पीकर, बसण्याच्या जागेच्या दोन्ही अंगांस किंचित मागे आणखी दोन, आणि कोपऱ्यात खर्जाचा घुमारा देणारी पेटी, म्हणजे वूफर, अशी मांडणी आहे. घरचा संगणक टीव्हीला जोडलेला आहे. रविवारी सायंकाळी सारे कुटुंब चित्रपट पाहावयास बसते. पाऊस ऐकू येतो, आगगाडी ऐकू येते, पार्श्वसंगीत तर शेजारच्या घरीही पोचते. परंतु पात्रे काय बोलतात ते आजोबांना उमगत नाही. पहिल्या रविवारी ते 'काय म्हणाला?' असे तीनचार वेळा विचारतात. दुसऱ्या रविवारी एकदाच विचारतात. तिसऱ्या रविवारी विचारतच नाहीत, आणि चौथ्या रविवारी 'झोप येते आहे' असे सांगून आपल्या खोलीत निघून जातात. आजोबांचे कान गेले, असा निष्कर्ष घरात काढला जातो. त्याच सुमारास त्यांच्या मुलाच्या मनात स्पीकरांचा नवा, महागडा संच आणण्याचे घोळू लागते. कोणी कानाला दोष दिला, कोणी स्पीकरला दिला. दोष नेमका कोठे आहे हे पाहावे, असे मात्र कोणाच्याच मनात आले नाही.

ते पाहावयाचे, तर प्रथम हा सभोवारचा ध्वनी म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. गोव्यातील अनेक चर्चमध्ये गायकवृंद मुख्य दरवाजाच्या वरच्या सज्जात, म्हणजे भाविकांच्या पाठीमागे, उभा असतो. धर्मगुरूंचे प्रवचन समोरून ऐकू येते आणि गायन मागून वाहत येते. दोन्ही ध्वनी एकाच वास्तूत असूनही एकमेकांत कालवले जात नाहीत, कारण कान दिशेवरून त्यांना वेगळे ओळखतो. चित्रपटातील सभोवार ध्वनीचे तत्त्व हेच आहे. वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटेशिया' या 1940 सालच्या चित्रपटासाठी काही निवडक चित्रपटगृहांत अनेक स्पीकरांची खास योजना करण्यात आली होती. 1992 साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटापासून डॉल्बी डिजिटल ही पद्धत चित्रपटगृहांत आली. तिच्यात सहा ध्वनिप्रवाह असतात: समोर डावा, मधला व उजवा, श्रोत्याच्या बाजूंस डावा व उजवा, आणि सहावा केवळ खर्जाचा. हा सहावा प्रवाह अपुरा धरून या मांडणीस 5.1 असे म्हणतात. यांपैकी समोरच्या मधल्या प्रवाहाचे महत्त्व विशेष आहे, कारण पात्रांचे बहुतेक संभाषण त्यातूनच येते. प्रवचन समोरून यावे आणि गायन मागून यावे, तसाच हा प्रकार.

हे सहा प्रवाह संगणकातून स्पीकरांपर्यंत ज्या मार्गाने जातात तो मार्ग म्हणजे एचडीएमआय केबल. तिची पहिली प्रमाणसंहिता 2002 साली प्रसिद्ध झाली आणि एकाच केबलीतून चित्र व आठपर्यंत ध्वनिप्रवाह नेण्याची सोय तिच्यात आरंभापासूनच होती. या केबलीतील ध्वनीला स्वतंत्र तार नसते. चित्राच्या ओळी एकामागून एक पाठविल्या जात असताना मध्ये जी लहान लहान मोकळी जागा राहते, त्या जागेत ध्वनीचे तुकडे भरून पाठविले जातात. साहजिकच चित्र जात नसेल तर ध्वनीही जात नाही. संगणकाने टीव्हीचा पडदा बंद केला की संगीतही बंद पडते, याचे कारण हेच होय. ज्यांना पडदा विझवून केवळ गाणी ऐकावयाची असतात, ते या एका गोष्टीपायी व्यर्थ त्रस्त होतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. केबल जोडताच संगणक पलीकडच्या यंत्राची ओळख विचारतो. प्रत्येक टीव्हीच्या वा रिसीव्हरच्या पोटात त्याच्या क्षमतेचे एक लहानसे पत्रक साठविलेले असते. त्यास ईडीआयडी असे म्हणतात. कोणत्या आकाराचे चित्र चालेल, कोणत्या प्रकारचा ध्वनी चालेल, एकूण किती प्रवाह स्वीकारता येतील, हे सारे त्यात लिहिलेले असते. पंगतीच्या यजमानाने 'किती पाने वाढू?' असे विचारावे, तसा हा व्यवहार आहे. बडोद्याच्या त्या घरात संगणकाची केबल टीव्हीला जोडलेली होती. टीव्हीला स्वतःचे स्पीकर दोनच. म्हणून त्याने सांगितले, 'दोन पाने.' मागच्या खोलीत आणखी चार मंडळी बसली आहेत, हे यजमानाला कळण्याचा मार्गच नव्हता. त्याने सहा जणांचे अन्न दोन पानांत कालवून वाढले. संभाषणाचा मधला प्रवाह डाव्या व उजव्या प्रवाहांत निम्मा निम्मा मिसळला गेला आणि पावसाच्या, गाडीच्या व वाद्यांच्या आवाजांत सापडला.

तरुण कान अशा मिश्रणातूनही शब्द वेचून काढतात. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, आणि 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या ध्वनींवरच अवलंबून असते. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. आवाज येतो, अर्थ येत नाही. त्यावर टीव्हीचा आवाज वाढविण्याचा जो उपाय सर्रास केला जातो, त्याने शब्दांबरोबर पाऊसही वाढतो आणि अडचण होती तेथेच राहते.

या घरात शोधाचे काम शाळेत जाणाऱ्या नातीने अंगावर घेतले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा, हे विज्ञानाच्या तासाला शिकविलेले तत्त्व तिच्या लक्षात होते. तिने आरंभ केला तो मार्गाच्या मध्यापासून. रिसीव्हरच्या दर्शनी भागावर एक लहान खिडकी असते, आणि आत कोणता ध्वनी येत आहे हे त्या खिडकीत अक्षरांनी लिहून येते. तेथे 'मल्टी चॅनेल' किंवा 'डॉल्बी डिजिटल' अशी अक्षरे असतील, तर अनेक प्रवाह पोचत आहेत आणि दोष असलाच तर तो पुढे, स्पीकरांकडे आहे. 'स्टिरिओ' किंवा दोन प्रवाहांचा पीसीएम असे लिहिले असेल, तर दोष मागे, संगणकाकडे किंवा वाटेत आहे. या एका साक्षीने अर्धे घर शोधावे लागत नाही. येथे खिडकीने दोनच प्रवाह सांगितले.

'पण बाई, आवाज तर पाचही स्पीकरांतून येतो आहे!' वडिलांनी शंका काढली.

शंका योग्य होती आणि तिचे उत्तरही त्याच खिडकीत होते. रिसीव्हर अशा पद्धतीवर ठेवलेला होता की, आलेल्या दोन प्रवाहांच्याच प्रती काढून तो सर्व स्पीकरांना वाटत असे. सर्व स्पीकर वाजतात याचा अर्थ सहा प्रवाह येत आहेत असा होत नाही. एकाच पत्राच्या पाच प्रती काढल्याने पाच पत्रे होत नाहीत.

पुढची पायरी संगणकाची. विंडोज प्रणालीत ध्वनीच्या अधिक सेटिंगांमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी असते. प्रथम तेथे एचडीएमआयचे यंत्र मुख्य म्हणून निवडलेले आहे की नाही हे पाहावे. पुष्कळदा संगणक आपल्याच अंगच्या स्पीकरांकडे ध्वनी पाठवीत असतो. मग त्या यंत्राच्या गुणधर्मांत 'सपोर्टेड फॉर्मॅट्स' या पानावर पलीकडचे यंत्र किती प्रवाह घेईन म्हणते ते वाचावे. शेवटी 'कॉन्फिगर' या कळीवर जाऊन 5.1 ची मांडणी निवडावी व प्रत्येक स्पीकर एकेक करून तपासावा. लिनक्स प्रणालीत हीच निवड एचडीएमआयच्या प्रोफाइलमध्ये 'डिजिटल सराउंड 5.1' या नावाने मिळते. नातीने पाहिले, तो या घरी 5.1 चा पर्यायच दिसेना. केवळ 'स्टिरिओ' होता. संगणक बिघडला आहे असे येथे वाटण्याचा संभव आहे. पण तो तर टीव्हीने दिलेले पत्रकच प्रामाणिकपणे दाखवीत होता.

वडिलांच्या मनात आले की, सोनेरी टोकांची उंची केबल आणावी. त्यावर थोडा हिशेब करावा. सहा प्रवाहांचा साधा, न दाबलेला ध्वनी, दर सेकंदाला 48,000 नमुने व प्रत्येक नमुन्यास 16 बिट या मापाने, सेकंदाला 46 लाख 8 हजार बिट इतका होतो. उलट 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे, सेकंदाला 60 वेळा बदलणारे चित्र सेकंदाला सुमारे 299 कोटी बिट मागते. ध्वनीचा भार चित्राच्या सहाशेव्या भागाहूनही कमी. जी केबल चित्र स्वच्छ नेते, तिला ध्वनी जड होत नाही. केबल सदोष असेल तर चित्रात ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जाते, आवाज तुटतो. दोनाचे सहा प्रवाह करणे किंवा सहाचे दोन करणे हे केबलीचे कामच नव्हे. केबल विकत आणण्याचा बेत रहित झाला.

टीव्हीकडून रिसीव्हरकडे ध्वनी जात होता तो ऑप्टिकल तारेने. या तारेतून साध्या ध्वनीचे दोनच प्रवाह जाऊ शकतात. सहा न्यावयाचे तर ते डॉल्बी डिजिटलसारख्या पद्धतीने दाबून न्यावे लागतात. 2009 साली एचडीएमआयच्या 1.4 आवृत्तीत टीव्हीकडून ध्वनी उलट दिशेने नेण्याची एआरसी नावाची सोय झाली. तिलाही हीच मर्यादा आहे. 2017 साली 2.1 आवृत्तीबरोबर आलेल्या ईएआरसीने ती दूर केली. परंतु त्यासाठी टीव्ही व रिसीव्हर दोन्ही त्या सोयीचे असावे लागतात, आणि संगणकाला दिलेल्या पत्रकात टीव्हीने अधिक प्रवाहांची नोंदही केलेली असावी लागते. यापेक्षा सरळ उपाय म्हणजे संगणकाची केबल प्रथम रिसीव्हरला जोडावी आणि रिसीव्हरमधून दुसरी केबल टीव्हीला न्यावी. मग चित्राची पाने टीव्ही सांगतो आणि ध्वनीची पाने रिसीव्हर सांगतो. मात्र काही रिसीव्हरांत ध्वनी स्वतः वाजवावा की टीव्हीकडे पुढे द्यावा याची निवड असते. ती टीव्हीकडे राहिली, तर पुन्हा दोनच प्रवाहांचे पत्रक पुढे होते.

नातीने केबल अशी फिरविली आणि रिसीव्हरची ती प्रती काढण्याची पद्धतही बंद केली. संगणकात 5.1 चा पर्याय उमटला. खिडकीत 'मल्टी चॅनेल' ही अक्षरे आली. घरच्या मंडळींनी समाधानाने चित्रपट सुरू केला आणि सारेच चकित झाले. पाऊस मागून पडू लागला, आगगाडी डावीकडून उजवीकडे धावली. पण पात्रांचे ओठ हलत राहिले आणि शब्द जवळजवळ ऐकूच येईनात.

'बघ, होते तेही गेले. पहिल्यासारखे कर पाहू,' वडील म्हणाले.

बिघाडांच्या शोधात हा क्षण फार नाजूक असतो. योग्य दुरुस्ती केल्यावर स्थिती अधिक वाईट झाली की, मनुष्य घाबरून ती दुरुस्ती मोडतो आणि आरंभीच्या जागी परत येतो. वास्तविक एका दोषाने दुसऱ्या दोषावर पांघरूण घातलेले असते. पहिला दूर होताच दुसरा उघडा पडतो, इतकेच. नातीने केबल होती तशीच ठेवली. रिसीव्हरमध्ये त्याची स्वतःची एक चाचणी असते; तो प्रत्येक स्पीकरला क्रमाने पावसाच्या सरीसारखा आवाज देतो. या चाचणीत संगणकाचा संबंधच नसतो. समोरचा डावा वाजला. मधला वाजला नाही. उजवा वाजला, बाजूचे दोन्ही वाजले, वूफर घुमला. रिसीव्हर बंद करून मधल्या स्पीकरच्या मागे पाहिले, तो तारेचे एक टोक निसटून लोंबत होते. घर झाडताना कधी तरी ते सुटले असावे. सर्व स्पीकर एकच आवाज वाजवीत होते तोवर एकाचे मौन कोणाच्या ध्यानात आले नव्हते. सहा प्रवाह वेगळे होताच संभाषणाचा प्रवाह त्या मुक्या पेटीत जाऊन संपला.

तार पुन्हा बसविताना दक्षता घ्यावी लागते. रिसीव्हर बंद असलाच पाहिजे, आणि तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकता कामा नये. टेकला तर रिसीव्हरचे नुकसान होऊ शकते. तार बसली, चाचणीत मधला स्पीकर बोलला आणि चित्रपटातील माणसांना वाचा फुटली.

यानंतर नातीने जे केले ते केवळ स्वतंत्र प्रवाहांमुळेच शक्य होते. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरची पातळी वेगळी ठरविता येते. तिने मधल्या स्पीकरची पातळी 3 डेसिबलने वाढविली. 3 डेसिबल म्हणजे त्या स्पीकरला जाणारी शक्ती दुप्पट. पाऊस होता तेवढाच राहिला, संगीत होते तेवढेच राहिले. शब्द मात्र पुढे आले.

इतर घरांत इतर दोष आढळतात. त्यांतील नेहमीचे ओळखून ठेवणे हिताचे आहे. कधी संभाषण समोरून येण्याऐवजी मागच्या डाव्या स्पीकरमधून येते. लिनक्समधील एका रूढ क्रमात तिसरे स्थान मागच्या डाव्या स्पीकरचे असते, तर ध्वनीच्या सामान्य फाइलीत तेच स्थान मधल्या स्पीकरचे असते. कार्यक्रमाने या दोन क्रमांची सांगड घातली नाही की माणसे पाठीमागून बोलू लागतात. दोष अशा वेळी प्रवाहांच्या क्रमवारीत असतो. तार काढून इकडची तिकडे लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कधी संगणक झोपेतून जागा होतो तेव्हा टीव्ही व रिसीव्हर बंद असतात. त्याला पत्रक मिळत नाही आणि तो दोन प्रवाहांवर येतो. त्यासाठी आधी टीव्ही, मग रिसीव्हर आणि शेवटी संगणक असा क्रम ठेवून पाहावे. कधी प्रत्येक लहान आवाजाचे पहिले अक्षर कापले जाते. शांततेनंतर येणारा ध्वनी ओळखून घेण्यास रिसीव्हरला जो क्षण लागतो त्याचा तो परिणाम असतो.

आणि कधी दोष मुळी नसतोच. संगणकाच्या ब्राउझरमधून पाहिल्यास कित्येक सेवा दोनच प्रवाह देतात. मग एचडीएमआय, रिसीव्हर व स्पीकर सारे निर्दोष असूनही मागचे स्पीकर गप्प राहतात. 1953 सालचा 'श्यामची आई' लावला, तर त्याचा मूळ ध्वनी एकाच प्रवाहाचा आहे. आईचा आवाज समोरूनच येणार, आणि तो तसाच यावा. ज्या विहिरीत पाणी नाही तेथे मोट बदलून उपयोग नसतो. यास्तव तपासणीच्या आरंभी ज्याचे सहा प्रवाह निश्चितपणे ठाऊक आहेत असा चित्रपट, किंवा संगणकाची स्वतःची स्पीकर-चाचणी, हेच माप घ्यावे.

सारांश असा की, मूळ ध्वनी, संगणक, केबल, रिसीव्हर, स्पीकर आणि अखेर कान अशी ही एक साखळी आहे. तिच्या मधल्या कडीशी उभे राहून 'येथवर काय पोचले?' असे विचारावे. एका वेळी एकच बदल करावा. एक दोष सापडला म्हणून दुसरा नसेलच असे धरू नये. पैसे खर्चावयाचे ते सर्व कड्यांची साक्ष काढून झाल्यावर. आणि कानाला दोष द्यावयाचा तो सर्वांत शेवटी. तेव्हाही तो घरातल्या घरात न ठरविता कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

बडोद्याच्या त्या घरी पाचव्या रविवारी नातीने आजोबांच्या खोलीचे दार वाजविले. ते काहीशा नाखुशीनेच बाहेर येऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसले. चित्रपट सुरू झाला. नात पडद्याकडे न पाहता आजोबांकडे पाहत होती. अर्धा तास गेला. त्यांनी एकदाही 'काय म्हणाला?' असे विचारले नाही. पुढे एका विनोदाला ते सर्वांच्या आधी हसले. तेव्हा सूनबाईंनी वळून विचारले, 'काय म्हणाला हो तो, मामंजी?' आणि आजोबांनी तिला ते वाक्य जसेच्या तसे सांगितले.